राजूच्या पानावरची तारीख

जळगावला अक्काकडे राहायला गेले तेव्हा नानांनी बसस्टँडवरच मला सांगून ठेवलं होतं, की त्या घरात खोल्या तीन आहेत, पण दोनच आहेत असं समजून आपण वागायचं. नाना म्हणजे माझे वडील. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी होती. अक्का त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या. पण नाना तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही भावंडंही अक्काच म्हणायचो. तिचे यजमान आबा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिसरी खोली राजूची होती. राजू त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. दोन पावसाळ्यांपूर्वी मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी यायला निघाला आणि वाटेत ट्रकखाली सापडला. त्याला घरी आणलं ते शिवलेल्या पांढऱ्या कापडात. अक्काला तोंड दाखवलं नाही. दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं, असं नाना आईला हळू आवाजात सांगत असताना मी ऐकलं होतं.

त्या घरात दुपार फार मोठी असे. सकाळ तरी माणसांची असायची. अक्का पहाटे उठून अंगण झाडायची, तो खराट्याचा आवाज, मग परातीत भाकरी थापल्याचा, मग आबांचा रेडिओ. दहाच्या सुमाराला आबा पिशवी घेऊन वाचनालयात जात. अकरापासून ऊन चढायचं. होळीनंतरचं जळगावचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. खिडक्यांना ओलं गोणपाट लावून अक्का घर अंधारून टाकायची, आणि मग त्या अंधारात पंखा, माठाखाली ठेवलेल्या वाटीत पडणारा थेंब आणि बाहेरच्या पत्र्यावर फिरणारा गरम वारा, एवढंच ऐकू यायचं. लोक रात्रीला घाबरतात. मी त्या घरात भर दुपारी घाबरायला शिकले. तिसऱ्या खोलीचं दार लावलेलं असायचं, पण कडी नुसती अडकवलेली. वारा आला की ती कडी हलायची, आणि अक्का दरवेळी हातातलं काम थांबवून तिकडे बघायची. दचकून नव्हे. आत झोपलेल्या माणसाने कूस बदलली की आपण बघतो, तशी.

अक्का राजूचं नाव घेत नसे. ती रडलीही नव्हती, असं शेजारच्या बाई मला नळावर म्हणाल्या होत्या. आमच्याशी ती आमच्या गावाकडचंच बोलायची, अहिराणी. आबा मात्र शाळेतल्या सवयीने छापील मराठी. जेवणात शेवभाजी, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी कळण्याची भाकरी आणि कांदा. माझ्या ताटात ती हात आखडता घेत नसे. स्वतः मात्र आमचं झाल्यावर ओट्याजवळ बसून काय खायची, खायची की नाही, ते आम्ही कधी पाहिलं नाही.

मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले ते चौधरी सरांमुळे. केळीच्या वेफर्सच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे त्यांनी सहा यंत्रं मांडली होती. तेव्हा जळगावात इंटरनेट नुकतं कुठे मिळू लागलं होतं आणि क्लासमध्ये एकाच यंत्राला ते होतं. स्वतःची वेबसाइट तयार करायची, असा सरांचा तीन महिन्यांचा नवा वर्ग निघाला. त्यात आम्ही दोनच मुली. सर आधी फळ्यावर खडूने शिकवत. टोकदार कंस उघडायचा, आत शब्द लिहायचा, कंस बंद करायचा. जे सुरू केलं ते संपवायचं, नाहीतर खालचं सगळं पान बिघडतं. मी ते वहीत उतरवून घ्यायचे आणि मग नोटपॅडमध्ये टाइप करायचे. पहिल्यांदा माझं नाव पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत आलं तेव्हा मला जे वाटलं ते पुढे नोकरीत मोठमोठी कामं केली तेव्हाही वाटलं नाही. गिरणीवाल्याची मुलगी मी. दाणे टाकले की खालून पीठ पडतं, हे पाहत वाढलेली. इथे शब्द टाकले की खालून शब्दच पडत होते, पण वेगळे होऊन.

एकदा सरांचा फोन नंबर शोधताना घरातल्या टेलिफोनच्या डायरीत अगदी मागच्या पानावर मला इंग्रजीत लिहिलेला एक पत्ता दिसला. रस्ता, गाव असलेला नव्हे, वेबसाइटचा. अक्षर ना आबांचं, ना अक्काचं. मी तो तळहातावर लिहून घेतला आणि संध्याकाळी क्लासमध्ये टाइप केला. पान हळूहळू उतरलं. आधी काळी पार्श्वभूमी, त्यावर लुकलुकणारे तारे, मग वरून खाली सरकत एक फोटो. आधी केस, मग कपाळ, मग उन्हाने बारीक केलेले डोळे. राजू. मी त्याला लग्नकार्यात चार-पाच वेळा पाहिलं असेल, पण ओळखलं लगेच. खाली त्याच्या आवडीनिवडीच्या तीन-चार इंग्रजी ओळी होत्या, किती लोकांनी पान पाहिलं तो आकडा होता, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे पान शेवटचं कधी बदललं. पुढे तारीख होती. त्या दिवसाची. वेळही होती, तासमिनिटांसकट. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही वेळा एकच होत्या.

सर पलीकडे कोणाला तरी शिकवत होते. त्यांना विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला वाटलं, बोलले तर ते पान निघून जाईल. मी यंत्र बंद केलं आणि घरी चालत आले. आणि ताटावर बसल्यावर, पोटात राहीना म्हणून, सांगून टाकलं. राजूदादाचं पान आहे, इंटरनेटवर, आणि त्याच्यावर आजची तारीख आहे. आबांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "जेव." पण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने तिसऱ्या खोलीची कडी काढली.

आत राजूचा कॉम्प्युटर होता. पुण्याहून त्याच्या सामानाबरोबर टेंपोतून आलेला, चादरीत बांधलेला. अक्काने ती चादर घडी करून ठेवली, टेबल पुसलं आणि आबांना सांगितलं की ह्याला तार जोडून द्या. आबा वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. चौधरी सर येऊन टेलिफोनची तार त्या खोलीत ओढून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा बाहेर असताना मी आणि अक्का यंत्रासमोर बसलो. फोन लागताना मोडेम जे किंचाळायचं, मध्येच घरघरायचं, ते ऐकून अक्काने पदर घट्ट धरला. मग पान उतरलं. फोटो पूर्ण येईपर्यंत ती पापणी न हलवता बघत राहिली. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे येत होते. मी खालच्या ओळीवर बोट ठेवून महिन्याचं नाव वाचून दाखवलं. आकडे तिने स्वतः वाचले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजनी तारीख शे."

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही ते पान उघडू लागलो. कॉलेजातून आले की अक्का दारातच विचारायची, "ऊना का तो?" म्हणजे, आला का तो. मी हातपाय धुऊन यंत्र लावायचे. तारीख आजची असायची. वेळही तीच, आमच्या घड्याळातली. अक्काचं समाधान व्हायचं आणि ती उठून कामाला लागायची. तारखेच्या वरचा, किती जणांनी पान पाहिलं तो आकडाही ती लक्षात ठेवायची. आम्ही एकदा पान उघडलं की तो एकाने वाढतो, हे मी तिला समजावलं होतं. एक दिवस ती म्हणाली, "काल एकोणतीस व्हते. आज एकतीस. मधला एक कोन?" मी नीट पाहिलं. खरंच होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही. आमच्या दोन वेळांच्या मध्ये रोज कोणीतरी एकदा येऊन जात होतं. मी म्हटलं, असेल कोणी मित्र. अक्का नुसती हसली. तिला मधला एक कोण हे ठाऊक होतं, असा तिचा चेहरा होता. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्या खोलीत पाठ दाराकडे करून बसवेना.

खरं कळलं ते पंधरा दिवसांनी, क्लासमध्ये. कोणतंही पान ज्या मजकुरातून बनतं तो मूळ मजकूर उघडून कसा पाहायचा, हे सरांनी त्या दिवशी शिकवलं. मी राजूचं पान उघडून पाहिलं. सगळ्यात खाली, जिथे तारीख असायला हवी, तिथे तारीख नव्हतीच. तिथे दीड ओळीचा एक आदेश होता: समोरच्या यंत्रातलं घड्याळ बघ आणि ते सांगेल ते इथे लिही. बस्स. पान ज्याच्या समोर उघडेल त्याचंच घड्याळ ते त्याला परत दाखवत होतं. राजूने तो कुठून तरी उतरवून घेतला असणार, जसं आम्ही सगळेच शिकाऊ करायचो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट, मी लांबच्या रस्त्याने घरी निघाले. आता हे अक्काला सांगायचं होतं.

मी सांगितलं नाही. दारात तिने विचारलं, "ऊना का?" आणि मी म्हटलं, बघते. आज उद्या करत आठवडा गेला, आणि मग जे मला टाळायचं होतं त्याहून वाईट सुरू झालं. अक्काला नुसती तारीख पुरेनाशी झाली. "रोज येस, अन् एक शब्द बोलस नही," ती म्हणाली. आपलं काही चुकलं का, म्हणून तो बोलत नाही का, असं ती मला पुन्हा पुन्हा विचारू लागली. ताट आता आमच्या देखत बाजूला सारायची. नळावर चक्कर येऊन पडली. आबा डॉक्टरांना घेऊन आले, डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं.

राजूच्या यंत्रावर पान चढवण्याचा प्रोग्राम तसाच होता. त्यात त्याचा पासवर्ड टिंबांच्या रूपात भरून ठेवलेला होता. तो काय आहे हे कळायची गरज नव्हती, बटण दाबलं की दार उघडत होतं. एका दुपारी अक्का जरा आडवी झाली होती तेव्हा मी ते दाबलं. फोटोखाली इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ लिहिली, तेव्हा देवनागरी कुठे येत होती: अक्का, मी बरा आहे, वेळेवर जेवत जा. आणि पान वर चढवलं. आज मला कोणी विचारेल की अक्काला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, तर नुसतं तोंडाने सांगायचं, लिहायची काय गरज होती. मी खूप वर्षं याचा विचार केला आहे. मला खोटं वाचून दाखवायचं नव्हतं, म्हणून मी आधी खोटं लिहिलं आणि मग ते खरोखर वाचलं. एकोणिसाव्या वर्षी माझी अक्कल तेवढीच चालली. माझी स्वतःची वेबसाइट तेव्हा अर्धीही झाली नव्हती. जगाने उघडून पाहावं असं मी पहिल्यांदा जे काही लिहिलं, ते एका मेलेल्या माणसाच्या नावाने.

अक्काने ती ओळ तीन वेळा वाचायला लावली. मग उठली, भाकरी केली आणि आमच्यासोबत बसून जेवली. आबा तिच्या ताटाकडे पाहत होते. मला वाटलं, झालं ते चांगलं झालं. मग दर दोन-चार दिवसांनी नवी ओळ लागू लागली. इथे पाऊस नाही. अभ्यास चालू आहे. डोळ्यांना जपा. मी क्लासच्या वहीत आधी मजकूर लिहून बघायचे, तो काय बोलला असता याचा अंदाज घ्यायचे, आणि हळूहळू मला तो अंदाज इतका सहज येऊ लागला की लिहिताना मी थांबायचेच नाही. एकदा वाचून दाखवताना मला ती ओळ लिहिल्याचं आठवेचना. मी वही उघडून शोधलं. होती, माझ्याच अक्षरात. पण मधला तो एक क्षण मी विसरलेली नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात, तिच्यावर खरबूज, आंबा ठेवतात. आबांनी दोन घागरी आणल्या, एक त्यांच्या वडिलांची, एक राजूची. अक्काने दुसरी घागर उचलली आणि अंगणात पालथी घालून ठेवली. रोज घरी येणाऱ्याची घागर भरत नाहीत, असं ती आबांना अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, लहान मुलाला सांगावं तशी. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली. त्या दिवशी संध्याकाळी अक्काने मला सांगितलं की त्याला विचार, घरी कधी येतोस. मी दोन दिवस काढले. मग लिहिलं: सुट्टीत येईन. सुट्टी कोणती, कधीची, काही नाही. मला वाटलं याने वेळ मिळेल.

मे महिन्याच्या मध्यावरची गोष्ट. मी मैत्रिणीकडून अकराच्या सुमारास परत आले तर दार नुसतं लोटलेलं. गॅस बंद, भांडी घासून पालथी घातलेली, गोणपाट ओलं केलेलं. अक्का नव्हती. ती उन्हात कधी बाहेर पडत नसे. तिसऱ्या खोलीत राजूच्या पलंगावर नवी चादर घातलेली होती आणि उशाजवळ घडी केलेला टॉवेल. मी शेजारी विचारलं, मग वाचनालयात पळाले. तिथले गृहस्थ म्हणाले, आबा महिना-दीड महिना झाला इकडे फिरकलेच नाहीत. मला काही सुचेना. जवळचं ओळखीचं ठिकाण म्हणजे क्लास, म्हणून जिना चढून वर गेले. खोली रिकामी होती. इंटरनेटच्या यंत्रासमोर आबा बसले होते, चष्मा कपाळावर, तोंड पडद्याच्या अगदी जवळ. पडद्यावर राजूचा फोटो आणि त्याखाली माझ्या ओळी.

मी म्हटलं, आबा, ते सगळं मी लिहिलं आहे. ते म्हणाले, "मला माहीत आहे. तरी रोज वाचायला येतो." मग म्हणाले की हे घरी बोलू नकोस, आणि मी म्हटलं, अक्का घरात नाही.

सुट्टीत येईन, एवढंच त्यांना मी सांगितलं, आणि ते लगेच उठले. रिक्षाने स्टेशनवर गेलो. पुण्याकडून येणारी गाडी येऊन गेली होती. प्लॅटफॉर्मवर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. टोकाच्या बाकावर अक्का बसली होती, लग्नातली हिरवी साडी नेसून, मांडीवर चार पुडाचा डबा. हमाल सावलीत झोपले होते. दुसरं कोणी नव्हतं. आबा तिच्या एका बाजूला बसले, मी दुसऱ्या. तिने आम्हाला पाहून आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाली की आजच्या गाडीने नाही आला, उद्याच्या बघू.

मला आता उद्या नको होता. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "अक्का, त्या ओळी मी लिहिल्या. राजूदादाने नाही."

ती म्हणाली, "माले ठाऊक शे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती सावकाश, रुळांकडे बघत बोलत राहिली. तुझं लिहिणं मला पहिल्याच दिवशी कळलं, म्हणाली. जग मला अक्का म्हणतं. तो एकटा मला माय म्हणायचा. "पन त्यानी खोडं नही," ती म्हणाली. "रोज ये, खाले तारीख टाके, अन् तुन्हं लिखेल तसंच राहू दे." तो रोज येऊन तारीख घालतो आणि माझ्या ओळी तशाच ठेवतो, याचा अर्थ त्याला त्या मान्य आहेत, त्याला लिहायला जमत नसेल म्हणून तो माझ्याकडून लिहवून घेत असेल. इतकं साधं होतं ते. तिच्या बाजूने पाहिलं तर त्यात कुठे फट नव्हती. त्या उन्हात एक क्षण मलाही ते पटलं. मला आठवेनाशी झालेली ती ओळ डोळ्यासमोर आली.

मी आबांकडे पाहिलं. ते गणिताचे मास्तर. तारखेचं त्यांना कळलं होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. त्यांनी फक्त, सांग, म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "अक्का, तारीख पण तो नाही लिहीत. घरी चल, दाखवते."

घरी येऊन मी यंत्र लावलं. अक्का साडी न बदलता खुर्चीत बसली, आबा दाराला टेकून उभे राहिले. पान उतरलं, तारीख आजची. मग मी यंत्राचं घड्याळ उघडलं आणि दिवस एकाने पुढे नेला, पान पुन्हा उघडलं. खाली उद्याची तारीख आली. अक्काने कॅलेंडरकडे पाहिलं, परत पडद्याकडे. मी आणखी एक दिवस पुढे नेला. पानाने मुकाट्याने परवाची तारीख लिहिली. हे यंत्र स्वतःच लिहितं, मी म्हणाले, आपण ह्याला जे सांगू ते. माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. पंख्याने कॅलेंडरची पानं उडत होती. मग अक्का म्हणाली, मागे ने.

मी वर्ष मागे नेलं. आणखी एक. आणखी एक, तीन वर्षं. खाली तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली तारीख आली. अक्काने आकडे वाचले आणि आबांना विचारलं की ह्या दिवसांत तो इथेच होता ना. आबा म्हणाले, हो, परीक्षा संपवून आला होता, गच्चीवर झोपायचा. अक्का त्या तारखेसमोर बसून राहिली. मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि आम्ही तिघंही, आता कोणी आत येईल, असे कान लावून बसलो होतो. कडी हलली नाही. वारा पडला होता.

"आते आजनी लाव," अक्का म्हणाली.

मी आजची लावली. तिने ते आकडे एकेक करून मोठ्याने वाचले, मग म्हणाली, "आज तो नही शे." आणि तिने माझ्या खांद्याला धरलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. शेजारच्या बाई धावत आल्या. आबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ते तिच्या पायाशी जमिनीवर बसले, चष्मा काढून ठेवला, आणि तिला रडू दिलं.

दोन दिवसांनी आबांनी मला त्या ओळी काढून टाकायला सांगितलं. मी काढल्या. तारीख तशीच ठेवली. ती काढण्याचा मला अधिकार वाटला नाही. ते पान पुढे बरीच वर्षं कुठेतरी होतं. मग ज्यांनी ती फुकटची जागा दिली होती त्यांनीच ती बंद केली, आणि त्यावरच्या हजारो अनोळखी माणसांच्या पानांबरोबर राजूचंही गेलं. क्लासमध्ये मी माझी वेबसाइट पूर्ण करून दाखवली. सरांनी शाबासकी दिली. त्यात काय होतं, ते आता मला आठवत नाही.

स्टेशनवरून आलो त्या दिवशी ऊन उतरल्यावर अक्काने तोंड धुतलं, साडी बदलली आणि बाहेरच्या खोलीत तीन ताटं मांडली. डबा उघडला. बट्ट्या होत्या, वांग्याची भाजी होती, एका पुडात तूप. वरण उन्हात आंबलं होतं. ते तिने वास घेऊन बाजूला ठेवलं. बट्ट्या हाताने कुस्करून तिने आधी आबांच्या ताटात घातल्या, मग माझ्या, मग स्वतःच्या, आणि तूप सगळ्यांना सारखं वाढलं. त्याच्यासाठी केलेलं ते सगळं आम्ही तिघांनी मिळून संपवलं. मग अक्काने डबा घासला आणि फडताळात उलटा घालून ठेवला.